पंत, जेवले काय?

ज्या साली वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला, त्या साली अमरावतीत हरिहरपंतांच्या तब्येतीची चौकशी एकाएकी फार वाढली. पूर्वी हा माणूस तापानं अंथरुणाला खिळून असला तरी शेजाऱ्याला पत्ता नसायचा. आता सकाळी आंघोळ करून दारात आले रे आले, की समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "बरं आहे ना, पंत?" वळणावर कुणीतरी विचारायचं, "रात्री झोप लागली ना?" आणि कापसाच्या बाजारावरून जायची तर सोयच राहिली नव्हती. कापसाच्या बैलबंडीवर बसलेली माणसं पंतांना बघून खाली उड्या टाकायची आणि म्हणायची, "पंत, खुशाल हाय ना जी?"

हे सगळं प्रेम आहे असं पंतांना सुरुवातीला वाटलं, यात त्यांचा काही दोष नाही. आयुष्यभर ज्याला कुणी विचारलं नाही, अशा कुणाही माणसाला असंच वाटलं असतं. ते थांबून प्रत्येकाला खरंखुरं उत्तर द्यायचे. एकदा दाढ दुखत होती, गाल सुजला होता. जो विचारील त्याला पंतांनी दाढेचं दुखणं अगदी मुळापासून सांगितलं. दुपारपर्यंत बाजारात गोंधळ उडाला. पंतांचा चेहरा उतरलाय, म्हणजे मुंबईचा भाव उतरलाय, असं म्हणून निम्म्या लोकांनी कापूस मिळेल त्या भावात फुंकून टाकला. उरलेल्यांचं म्हणणं पडलं की गाल वर आलाय, तेव्हा भाव चढणार. त्यावरून दोन अडत्यांची मारामारी झाली आणि एकाचं पागोटं गटारात गेलं.

कारण असं, की हरिहरपंत डाकेच्या कचेरीत कारकून होते. मुंबईची थैली त्यांच्या हातानं उघडायची. सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात भावाभावांची लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, म्हणून इकडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना विलायतेहून मागणी आली होती. मुंबईचे भाव व्यापाऱ्यांच्या पत्रांतून यायचे. ती पत्रं पंतांच्या हाताखालून जातात आणि पंत ती वाचत नाहीत, हे अमरावतीत एकही माणूस मानायला तयार नव्हता. वास्तविक पंतांनी दुसऱ्याचं पत्र जन्मात वाचलं नव्हतं. वरचं नाव वाचायचं, ठप्पा मारायचा, बाजूला ठेवायचं. पण सांगतो कुणाला!

"अहो, तुमची तब्येत नाही विचारत ते," गोदावरीबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबानं, एक दिवस त्यांचे डोळे उघडले. "मुंबईचा भाव विचारतात. तुम्ही आपले दाढ उघडून दाखवता."

पंतांना हे फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी उत्तर देणंच सोडलं. नुसती मान हलवायचे. मग मान उभी हलली की आडवी, यावर ओट्याओट्यांवर चर्चा होऊ लागली.

अशात अकोल्याहून एक भटजी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून त्यांनी हळूच निरोप सांगितला. पंतांची मुलगी चारुशीला लग्नाची झाली होती. अकोल्याच्या बापूसाहेब वकिलांच्या मुलाशी तिची पत्रिका उत्तम जुळत होती. मुलगा हुशार, घर खाऊनपिऊन सुखी, सासू प्रेमळ. पण पाडवा झाला की बापूसाहेब दुसऱ्या एका स्थळाला शब्द देऊन मोकळे होणार होते.

"तेव्हा पंत, निघा," भटजी म्हणाले. "पण गुपचूप जा. बापूसाहेबांना गाजावाजा खपत नाही. त्यात कापसाच्या पैशानं माजलेली माणसं तर डोळ्यासमोर नकोत. मागं एक जण मुलगी सांगायला आला तो बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून. बापूसाहेबांनी बैलांची विचारपूस केली, त्याची केलीच नाही."

"आणि मुलगा देता का, हे विचारायचं कसं?" पंतांनी विचारलं.

"अजिबात विचारायचं नाही! त्या घरात असलं काही तोंडानं बोलत नाहीत. स्थळ मनाला आलं, की घरच्या बाई उंबरठ्यात येऊन एवढंच विचारतात, जेवता ना? विचारलं नाही, तर पायात जोडा घालायचा आणि परत यायचं."

"आणि विचारलं तर जेवायचं."

"अहो, जेवायचं नाही!" गोदावरीबाई आतून जवळजवळ ओरडल्याच. "लेक द्यायच्या घरचं बापानं खायचं असतं का? तिला मूल होईस्तोवर त्या घरचं पाणीसुद्धा वर्ज्य. तुम्ही जेवलात, म्हणजे हे घर माझ्या लेकीचं नाही असंच तोंडानं सांगितल्यासारखं होईल. नाही म्हणायचं. कितीही आग्रह केला तरी नाही म्हणायचं. तुमचं जेवणावरचं प्रेम मला ठाऊक आहे म्हणून बजावते."

चारुशीला तिथंच कोपऱ्यात जवस कुटत होती. तिचा हात थांबला नाही, पण कुटण्याचा आवाज हळू झाला. या पोरीला प्रश्न विचारायची सवयच नव्हती. सगळ्या गल्लीत तेवढी एकच असेल. तिनं मुकाट्यानं जवसाची चटणी डब्यात भरली, दशम्या फडक्यात बांधल्या आणि शिदोरी बापाच्या हातात दिली.

आता रजेचं बघा. कचेरीत पंतांचे वरिष्ठ होते केशवराव. पंतांनी इतक्या वर्षांत रजा म्हणून मागितली नव्हती. केशवरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "घरी सगळं कुशल ना?"

"कुशल आहे."

"मग रजा कशाला?"

"जरा काम आहे. खाजगी."

केशवरावांनी दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला. "पंत, आमच्या मेव्हण्याकडं थोडा कापूस पडून आहे. ठेवावा की काढावा?"

पंतांचा संताप झाला, पण रजा हातात पडायची होती. त्यांनी मान हलवली. उभी की आडवी ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. केशवरावांना मात्र कळलं असावं, कारण त्यांनी रजा दिली आणि लगेच मेव्हण्याकडं माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन बैलांची दमणी येऊन उभी राहिली. हाकणारा पुंजाराम, तिवशाकडचा, तोंडानं अखंड चालू. पंतांनी देवाला नमस्कार केला, उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि समोरच्या ओट्यावरून वामनरावांनी विचारलं, "काय पंत, कुठं?"

निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काम बिघडतं. वामनरावांना काय माहीत नव्हतं? पण वामनराव म्हणजे बिलंदर असामी. कापसाच्या उलाढालीत हात मारून घेतलेला, आणि घरात चारुशीलेच्याच वयाची मुलगी. "चारुशीला कशी झपाट्यानं मोठी झाली हो!" असं ते अधूनमधून म्हणायचे. त्याचा अर्थ, कुठं स्थळ बघताय, मलाही कळू द्या.

पंत पाय मागं घेऊन घरात आले. पाटावर बसले, गूळ खाल्ला, पाणी प्यायले, अपशकुन उतरला असं मानलं आणि पुन्हा निघाले. या खेपेस कापसानं भरलेली बंडी घेऊन जानराव रस्त्यानं चालला होता. माणूस सरळ मनाचा, सरळ बोलायचा. तो म्हणाला, "कुठं निंगाले जी पंत?"

पुन्हा आत. पुन्हा गूळ. बाहेर वामनरावांच्या ओट्यावर दोन-चार माणसं जमली. माणूस एकदा परत फिरला तर समजू शकतं, पण दोनदा फिरला आणि तरीही निघतोच आहे, तेव्हा काम फार मोठं असणार, असा त्यांचा हिशेब. तिसऱ्या वेळेस पंत बाहेर आले तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. सगळे नुसते टक लावून बघत बसले. ते त्याहून वाईट होतं. न राहवून पंतच म्हणाले, "इथंच. बडनेऱ्यापर्यंत."

झालं! एरवी खोटं न बोलणारा माणूस खोटं बोलला की ते लहान मुलालाही कळतं. दमणी गल्लीतून बाहेर पडली आणि पुंजाराम मागं वळून म्हणाला, "पंत, जानरावची बंडी आपल्या मांगं येऊन राहिली."

"येऊ दे. रस्ता सरकारचा आहे."

"वामनरावायची दमणीबी येऊन राहिली."

बडनेऱ्याला पोचेपर्यंत मागं बऱ्याच बंड्या झाल्या होत्या. पंत उतरले. जानराव हात जोडून पुढं आला. "बडनेरा आला जी. इथंच इकाचं काय?"

"अरे बाबा, मला काही माहीत नाही. मी जरा पुढं चाललोय. मूर्तिजापूरपर्यंत."

जानरावानं मागं वळून आरोळी दिली, "मूर्तिजापूर म्हनते रे!" आणि जू खांद्यावर टाकलेले बैल पुन्हा चालू लागले.

खरं सांगायला काय झालं होतं? पण वामनराव तिथंच होते, सुपारी कातरत, कान देऊन. त्यांच्यासमोर स्थळाचं नाव काढलं, तर हा माणूस आपल्या आधी बापूसाहेबांच्या दारात उभा राहील, या धास्तीनं पंतांची जीभ टाळ्याला चिकटली होती. आणि गुपचूप या म्हणून निरोप होता! पंत दमणीत बसून डोळे मिटून घेत, या आशेनं की उघडल्यावर मागचं सगळं नाहीसं झालं असेल. उघडले की आणखी दोन बंड्या वाढलेल्या असत. वाटेत समोरून येणारे गाडीवान विचारत, "कोनची जत्रा हाय जी?" आणि उत्तर ऐकून बैल उलटे फिरवत.

मूर्तिजापूरच्या विहिरीवर पंतांनी शिदोरी सोडायची म्हणून फडकं काढलं. तेवढ्यात जानराव आला. "पंत, जेवले काय?"

या प्रश्नाचा अर्थ काय, तो पंतांना त्या क्षणी कळला नाही, हेच तर दुर्दैव. त्यांना वाटलं, आता हा बसणार, गप्पा काढणार, भाव विचारणार. ही ब्याद जावी म्हणून ते म्हणाले, "हो हो, जेवलो."

"जेवले रे! जुंपा!" जानराव ओरडला.

त्याला एवढंच पाहिजे होतं, की पंत अजून थांबणार असले तर बैल सोडायचे, आणि निघणार असले तर जुंपायचे. बघता बघता सगळा तळ हलला. पंत "अरे, थांबा" म्हणत पुढं धावले, आणि मागं वळून बघतात तो पुंजारामाचा पांढरा बैल त्यांच्या दशम्या खात होता. दशम्या संपवून त्यानं फडक्याला तोंड घातलं. चटणीचा डबा त्यानं पाय देऊन सपाट केला होता.

"तुमी तं जेवलो म्हनलं न जी," पुंजाराम म्हणाला. "म्या म्हनलं, उरलं असन, खाऊ द्या मुक्या जनावराले."

पंतांच्या डोळ्यांत पाणीच आलं. लेकीच्या हातची चटणी मातीत गेली होती. वाटेत दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं खायचं नाही असा त्यांचा नेम, आणि बाजारात मिळाले ते चारच फुटाणे. ते खाऊन त्यांनी पुढचा सगळा प्रवास केला. त्यात पुढच्या मुक्कामी जानरावानं पुन्हा विचारलं, "पंत, जेवले काय?" आता अर्थ कळला होता, पण वामनराव शेजारीच पाय पसरून पोळ्या खात होते. त्यांच्यासमोर उपाशी म्हणून सांगायचं म्हणजे इज्जत जायची. पंत मान ताठ ठेवून म्हणाले, "भरपूर."

अकोल्यात शिरताना पंतांनी पुंजारामाला हात जोडून विनवलं, की बाबा रे, कुठल्यातरी बोळातून घे. पुंजारामानं बोळातून घेतली. मागची सगळी कापसाची रांग त्या बोळात शिरली. पुढची बंडी भिंतीला घासली, मागचे बैल बिचकले, घुंगुरमाळांचा आवाज, गाडीवानांच्या आरोळ्या, कुत्र्यांचं भुंकणं, आणि या सगळ्याच्या पुढं पागोटं सावरत, उडालेल्या कापसानं पांढरे झालेले हरिहरपंत बापूसाहेब वकिलांच्या दारात उतरले.

बापूसाहेब ओट्यावर उभे होते. उंच, गोरे, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी पंतांच्या खांद्यावरून मागच्या बोळाकडं बघितलं. त्या बोळाला शेवट दिसत नव्हता.

"आपण अमरावतीचे हरिहरपंत?" ते म्हणाले. "या. प्रवास बरा झाला ना?"

इतक्या थंड आवाजात त्यांना कुणी प्रवासाचं विचारलं नव्हतं. आत बैठकीत बसवलं. बापूसाहेबांनी विचारलं, "अमरावतीला ऊन कसं आहे?" पंतांनी उन्हाचं सांगितलं. "पाणी पुरतं का?" पंतांनी पाण्याचं सांगितलं. "आपले बैल कुठले?" असं जेव्हा बापूसाहेबांनी विचारलं, तेव्हा मात्र पंतांनी दाराशी काढलेल्या आपल्या जोड्याकडं बघितलं. शेंब्यावाल्याला बैलांचंच विचारलं होतं! आतून कढीला फोडणी दिल्याचा वास येत होता, भांडी वाजत होती. उंबरठ्यावर मात्र कुणी येत नव्हतं. पंत एकसारखे त्या उंबरठ्याकडं बघत होते. चारुशीलेचं सगळं आयुष्य त्या लाकडाच्या पट्टीवर अडलं होतं आणि बाहेर बैल हंबरत होते.

तेवढ्यात वामनराव सरळ आत आले आणि नमस्कार करून गादीवर बसले. त्यांच्या मागं दारात जानराव, त्याच्या मागं खिडकीत, ओट्यावर, जिथं जागा मिळेल तिथं माणसं.

"पंत, आता तं सांगा," जानराव म्हणाला. "अमरावती सोडली, बडनेरा सोडला, मूर्तिजापूर सोडलं. वकील सायबाकडं आले. म्हंजे कागदाचा मामला हाय. इकाचं का ठेवाचं?"

बापूसाहेबांच्या भुवया वर गेल्या. आणि हरिहरपंतांचं, इतके दिवस मान हलवून दाबून ठेवलेलं, सगळं एकदम फुटलं.

"अरे, मला काही माहीत नाही!" ते उभे राहून ओरडले. आवाज चिरकला, पागोटं घसरलं. "कुठला भाव आणि कुठला कापूस! मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही. नाव वाचतो, ठप्पा मारतो. मी माझ्या लेकीसाठी आलोय इथं! लेकीचं स्थळ बघायला! गुपचूप ये म्हणून सांगितलं होतं मला, आणि तुम्ही अख्खा बाजार माझ्या पाठीला बांधलात. झालं समाधान? आता जा आणि मलाही जाऊ द्या."

पंत मटकन खाली बसले. आपण वकिलांच्या बैठकीत ओरडलो, हे त्यांना आत्ता कळलं. वामनरावांचे डोळे मात्र 'स्थळ' हा शब्द ऐकल्यापासून चमकायला लागले होते.

जानराव डोकं खाजवत उभा होता. "पोरीचं काम हाय?" तो म्हणाला. "मंग काहून नाही सांगतलं जी आधी? आमाले का पोरी नाहीत?" तो वळला आणि दारातल्या माणसांवर खेकसला, "चला रे! गलका नोका करू. पोरीचं काम हाय इथं. माळा सोडा बैलायच्या!"

आणि खरोखर, त्या माणसांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा एकेक करून सोडल्या, हातात धरल्या, आणि बंड्या मागच्या मागं घेत बोळ रिकामा केला. चाकांचा तेवढा करकर आवाज येत राहिला, मग तोही थांबला. बापूसाहेब खिडकीशी उभे राहून ते सगळं बघत होते.

ते परत येऊन बसले. "माझी नागपूरची पत्रं तुमच्याच कचेरीवरून जातात," ते म्हणाले. "कधी कुतूहल नाही वाटलं?"

"पत्र ज्याचं त्याचं असतं," पंत खाली बघून म्हणाले. त्यांना आता खोटं बोलायचं त्राणही नव्हतं.

बापूसाहेबांनी आतल्या दाराकडं नुसतं बघितलं. पदर सारखा करत जमुनाबाई, त्यांच्या घरच्या बाई, उंबरठ्यात येऊन उभ्या राहिल्या. गोल चेहऱ्याची, हसऱ्या डोळ्यांची बाई.

"पानं घेतली आहेत," त्या म्हणाल्या. "जेवता ना?"

विचारलं! त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी वामनराव म्हणाले, "जेवतो तर! वा वा! अन्नाला नाही म्हणू नये." बापूसाहेबांच्या पंक्तीला मांडीला मांडी लावून बसावं, घासागणिक ओळख वाढवावी आणि भाताच्या वेळेस आपल्या मुलीची पत्रिका काढावी, असा त्यांचा बेत. ते उठून हात धुवायलासुद्धा गेले.

"आणि तुम्ही?" जमुनाबाईंनी विचारलं.

"मला भूक नाही," पंत म्हणाले. त्याच क्षणी त्यांचं पोट इतक्या मोठ्यानं गुरगुरलं, की कोपऱ्यातलं मांजर उठून बसलं.

"थोडा भात तरी?"

"नको."

"कढीगोळे केलेत. गरम आहेत."

कढीगोळे म्हणजे पंतांचा जीव की प्राण. त्यांनी धोतराचा सोगा मुठीत गच्च धरला. "नको."

"बरं, ताक? उन्हातून आलात. निदान पाणी तरी घ्या." जमुनाबाईंनी लोटा पुढं केला. पंतांचा हात त्यांना न विचारता पुढं गेला. लोटा हातात आला, गार होता, पाण्यात वाळा घातलेला होता. घशात नुसता कोरडा खरखरीत कापूस दाटला होता. लोटा हनुवटीपर्यंत गेला आणि पंतांना मातीत सांडलेली जवसाची चटणी आठवली. त्यांनी डोळे मिटले, तसेच ओट्यावर गेले आणि सगळं पाणी आपल्या पायांवर ओतून टाकलं.

"पाय फार पोळले होते," ते म्हणाले.

जमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवत होत्या की आणखी काही, ते पंतांना कळलं नाही. आत वामनराव जेवत होते आणि प्रत्येक घासाची बैठकीपर्यंत ऐकू येईल अशी तारीफ करत होते. तिसऱ्यांदा कढी घेतल्यावर त्यांनी आपल्या मुलीचा विषय काढला. जमुनाबाई म्हणाल्या, "वाढू का आणखी?" एवढंच. वामनरावांनी भात मागितला. हात धुऊन ढेकर देत ते बाहेर आले, बैठकीत उपाशी बसलेल्या पंतांकडं त्यांनी बघितलं, मग आपल्या पोटाकडं बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ऊन कलतंय," बापूसाहेब उठून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचे ओठ जरा सैल झाले होते. "वेळेवर निघा, व्याही. जपून जा."

व्याही! पंत दमणीत कसे चढले ते त्यांना आठवत नाही.

बाजाराच्या कडेला जानराव वाट बघत उभा होता. "पंत, जेवले काय?" त्यानं विचारलं.

"नाही," पंत म्हणाले.

जानरावानं त्यांच्या भुकेनं सुकलेल्या, घामानं निथळलेल्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मागं वळून ओरडला, "वकिलाकडं बसूनबी अन्न गेलं नाही बुढ्याच्या घशाखाली! म्हंजे भाव पडनार! इकून टाका रे, सगळं इकून टाका!" त्या संध्याकाळी अमरावतीहून आलेला सगळा कापूस अकोल्यात विकला गेला. पुढं थोड्याच दिवसांत तिकडची लढाई संपली, भाव दाणकन आपटले, आणि ज्यांनी कापूस धरून ठेवला होता ते कपाळाला हात लावून बसले. तेव्हापासून बाजारात पक्कं झालं, की पोरीचं लग्न वगैरे सगळा बहाणा होता, बुढ्याले भाव मालूम होता. पंतांनी पुष्कळ समजावलं. मग तेही सोडून दिलं.

पण ते पुढचं. आधी घरी पोचले तेव्हाचं सांगतो. पंत चाकाला धरून दमणीतून उतरले. गोदावरीबाई दारातच होत्या. त्यांनी पाण्याचं विचारलं नाही, प्रवासाचं विचारलं नाही. त्यांनी श्वास रोखून विचारलं, "जेवलात काय हो तिथं?"

"नाही."

"विचारलं होतं ना पण?"

"तीनतीनदा. पाणीसुद्धा घेतलं नाही मी."

"अगं बाई!" गोदावरीबाईंनी टाळी वाजवली, डोळ्याला पदर लावला, देवापुढं साखर ठेवली, आणि पंत काही म्हणायच्या आत पायात वहाणा सरकवून शेजारी सांगायला धावल्या. शेजारणी आल्या, आणखी शेजारणी आल्या. "पंत जेवले नाहीत!" "खरंच नाही जेवले?" "घोटभर पाणीसुद्धा नाही!" सगळ्या घरात आनंदीआनंद झाला आणि त्या आनंदाच्या मधोमध मुलीचा बाप भिंतीला टेकून बसला होता. त्याला अजून भूक लागली असेल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मागायची पंतांना लाज वाटली.

मग गर्दीतून वाट काढत चारुशीला आली. तिनं बापासमोर ताट ठेवलं. तव्यावरून आत्ताच उतरलेली ज्वारीची भाकरी, आणि वाटीत जवसाची चटणी, ताजी कुटलेली. तिनं काहीच विचारलं नाही. मुलगा कसा आहे, घर कसं आहे, सासू कशी आहे, काहीच नाही. नुसती समोर बसली.

"तुझी ती चटणी मी खाल्लीच नाही गं," पंत म्हणाले. "बैलानं पायाखाली घातली."

"मग आता खा, नाना," ती म्हणाली.

पंतांनी पहिला घास तोंडात घातला, आणि तो घास तोंडात असतानाच त्यांना सुचलं, की आता ही त्या घरी जाईल. आपण कितीदा जरी गेलो, उन्हातून गेलो, तरी हिला मूल होईस्तोवर हिच्या चुलीवरचं आपल्याला चालायचं नाही. ही विचारील आणि आपण भूक नाही म्हणून सांगू, आणि पोट पुन्हा तसंच गुरगुरेल. आपणच तीनतीनदा नाही म्हणून हे ठरवून आलो. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चटणी तिखट झाली असं वाटून चारुशीला पाणी आणायला उठली.

"बस गं," पंत म्हणाले. मग भाकरी संपली, पोट भरलं, तरी त्यांनी रिकामं ताट तिच्यापुढं सरकवलं. "आणखी एक वाढ."